न्हाणीघराच्या चौकटीवर पट्ट्यांचा साप, कवड्या की मण्यार? (फोटो हललाय, लवकर सांगा)

शमिका_देवरूख | १ मार्च, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. आत्ता पावणेदहाच्या सुमारास न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीवर साप दिसला, वरच्या आडव्या लाकडावर. दीड फूट असेल, अंग काळपट तपकिरी आणि त्यावर आडवे पिवळट पांढरे पट्टे. मी टॉर्च मारला तसा भिंतीला चिकटून सरसर वर गेला आणि वाशाजवळ चिऱ्यांच्या फटीत शिरला. शेजारचा मुलगा काठी घेऊन धावत आला होता पण मी मारू दिलं नाही, तोपर्यंत तो गेलाही होता म्हणा. सासूबाईंचं म्हणणं विषारी मण्यारच आहे, आणि रात्रीचं नावसुद्धा काढू नको, जनावर म्हण.

घरात मी, सासूबाई आणि पाच वर्षांची लेक. मिस्टर मुंबईला, आता शिमग्यालाच येतील. उकाडा सुरू झाल्यापासून सासूबाई पडवीत खाली गोधडी टाकून झोपतात, मला त्याचीच काळजी लागलीय. फोटो टाकलाय, अर्धा हललाय, पण मानेकडचा भाग बऱ्यापैकी दिसतोय.


बाणकोटकर | १ मार्च, रात्री ११:०३

कवड्या आहे, शंभर टक्के, बिनविषारी. भिंतीवर चढतो तो कवड्या, मण्यार भिंत चढत नाही. पाली खायला आलाय बिचारा. निवांत झोपा.


कातळवाट | १ मार्च, रात्री ११:१०

शमिकाताई, आधी एक काम करा आणि मग पुढचं वाचा. सासूबाईंना आत्ताच्या आत्ता कॉटवर घ्या, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा, नुसती सोडून ठेवू नका. अंथरूण भिंतीला टेकलेलं नको. न्हाणीत जाताना टॉर्च आणि पायात चप्पल. फटीत काठी घालू नका, फिनाईल ओतू नका.

झालं की सांगा, मग फोटोवर बोलू. बाणकोटकर, तुमचा अंदाज बरोबरच असेल कदाचित, पण त्या अंदाजावर एका म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर निवांत झोपवायला मी तयार नाही.


शमिका_देवरूख | १ मार्च, रात्री ११:३१

केलं सगळं. सासूबाई कुरकुरल्या पण आल्या कॉटवर. आता सांगा दादा.


कातळवाट | १ मार्च, रात्री ११:५८

मी अठरा वर्षं साप पकडून जंगलात सोडायचं काम करतोय, संगमेश्वर आणि चिपळूण भागात. त्यातले निम्म्याहून जास्त फोन याच प्रश्नाचे असतात, पट्टे आहेत म्हणजे मण्यार का? म्हणून जरा सविस्तर लिहितो, कुणाच्याही कामाला येईल.

मण्यारीचा रंग चकचकीत काळा, निळसर झाक असलेला, तेल लावल्यासारखा. पट्टे दुधासारखे पांढरे, बारीक, आणि बरेचदा जोडीजोडीने. मोठ्या मण्यारीला मानेजवळ पट्टे जवळजवळ नसतातच, थोडं अंतर गेल्यावर सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त ठळक होत जातात. कवड्याचं याच्या बरोबर उलट. रंग तपकिरी, कॉफीसारखा, पट्टे पिवळट आणि रुंद, मानेपासूनच सुरू, कुशीवर येऊन फुटतात, जाळी झाल्यासारखे दिसतात, आणि शेपटीकडे विरत जातात. डोकं चपटं. पाली हे त्याचं मुख्य खाणं, म्हणून तो भिंतीवर, कौलांत, मीटरच्या पेटीमागे सापडतो.

तुमच्या फोटोत मानेवरचा पट्टा रुंद आणि पिवळट दिसतोय, कुशीवर फुटलेलाही वाटतोय. म्हणजे बाणकोटकर म्हणतात तसा कवड्याच असण्याची शक्यता जास्त. पण मागची बाजू फोटोत नाही. आणि "मण्यार चढत नाही" या वाक्यावर विसंबू नका. सहसा चढत नाही हे खरं, पण खडबडीत चिऱ्याच्या भिंतीवर आणि लाकडांच्या उतरंडीवर चढलेली मी स्वतः उतरवलीय. शिवाय मण्यारीच्या पिल्लांना पार डोक्यामागपर्यंत पांढरे ठिपके नाहीतर पट्टे असतात, तिथे "मानेपासून सुरू म्हणजे कवड्या" हा नियम फसतो. आणि कवड्याचाच एक भाऊ आहे, पट्टेरी कवड्या, तो काळा आणि पट्टे पांढरे, भल्याभल्यांना चकवतो.

मण्यार नक्की ओळखायची खूण एकच, पाठीच्या कण्यावरून जाणारी खवल्यांची रांग. ती बाकीच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. पण ती बघायला जितकं जवळ जावं लागतं तितकं जिवंत सापाच्या जवळ कुणी जाऊ नये. म्हणून फोटो लांबून, झूम करून, पूर्ण अंगाचा, खास करून पाठीचा आणि शेपटीचा काढा, तोही सहज जमला तर.


मुक्ता_कोथरूड | २ मार्च, सकाळी ७:४०

रात्रीच वाचलं, झोप लागेना. आमच्या सोसायटीत गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये सहा फुटी साप निघाला, वॉचमन आणि दोघंतिघं काका नाग नाग करत मारायलाच निघाले होते. रंग गव्हाळ होता, आणि मान फुगवून गुरगुरल्यासारखा आवाज करत होता. शेवटी एका मुलीने व्हिडिओ कॉलवर सर्पमित्राला दाखवलं तर बिनविषारी धामण! हे वाचवता आलं याचा इतका आनंद झाला. पण नाग आणि धामण लांबून कसे ओळखायचे? सगळीकडे फणा बघा असंच लिहिलेलं असतं आणि नाग काही कायम फणा काढून बसलेला नसतो.


कातळवाट | २ मार्च, सकाळी ९:१५

मुक्ताताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा. नाग फणा काढतो तो घाबरल्यावर, निवांत चालताना तो साधा तपकिरी साप दिसतो. धामणीचे ओठ बघा, वरच्या खालच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात, पोत्याला सुतळीचे टाके घातल्यासारख्या. डोळे मोठे, गोल, चेहरा निमुळता, मान बारीक, आणि चाल अतिशय वेगाची. शेपटीकडच्या भागावर काळी जाळी असते. नाग त्यामानाने सावकाश, मान आणि डोकं साधारण सारख्या जाडीचं. धामण खवळली की मान उभ्या अंगाने फुगवते, नागाचा फणा आडवा पसरतो. कात्रजच्या सर्पोद्यानात एकदा दोन्ही शेजारी बघून या, नजर बसते.

या दिवसांत साप जास्त का दिसतात हेही कुणी विचारेल म्हणून सांगतो. थंडीत त्यांची हालचाल मंदावते, बिळात पडून असतात. माघ सरला, ऊन तापायला लागलं की बाहेर पडतात, भूक असते, आणि धामण नाग वगैरेंचा जोडीचा हंगाम याच सुमाराला. त्यात आपल्याकडे फाल्गुनात भाजावळ. शेतात कवळ (तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा जाळला की आसपासचे उंदीर, सरडे, साप सगळे घराकडच्या दगडी गडग्यांत शिरतात. पुढे पाणी आटलं की न्हाणीची मोरी, माठाची जागा, कुंड्या, अशा गारव्याच्या ठिकाणी बसतात.


भातशेती | २ मार्च, सकाळी १०:०२

आमच्याकडे दोन साप अर्धे उभे राहून एकमेकांना पीळ घालतात त्याला नाग धामणीचं लग्न म्हणतात, त्यावर पांढरं कापड टाकलं की ते कापड घरात ठेवलं की बरकत. लहानपणी आम्ही टॉवेल घेऊन धावलोय. ते खरं काय असतं?


कातळवाट | २ मार्च, सकाळी १०:२०

ते दोन नर असतात, बहुतेक वेळा दोन्ही धामणच. मादीसाठी ताकद आजमावतात, एकमेकांना खाली दाबायचा प्रयत्न करतात, चावत नाहीत. नाग आणि धामण या वेगळ्या जाती, त्यांची जोडी होत नाही. लांबून बघा, फार देखणं दृश्य असतं, कापड टाकू नका.


काजूवाली_लांजा | २ मार्च, दुपारी २:१०

सगळे नाग मण्यार बोलताय, आमच्याकडे या दिवसांत खरी भीती फुरशाची. काजू वेचायला बायका सकाळीच जातात, झाडाखाली सुका पातेरा घोट्यापर्यंत, आणि त्यात हात घालूनच बी उचलायची असते. फुरसं वीतभर नाहीतर हातभर, रंग असा की पातेऱ्यात आणि कातळावर समोर असूनही दिसत नाही. माझ्या जावेच्या बोटाला गेल्या चैत्रात डसलं, संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. वेळेत तालुक्याला नेलं, लस मिळाली, पाच दिवसांनी घरी आली. त्याआधी घरातल्यांनी हात दोरीने करकचून बांधला होता, त्या बांधल्या जागेची जखम चावल्या जागेपेक्षा जास्त दिवस राहिली.

आता मी सगळ्या बायकांना सांगते, आधी काठीने पातेरा सारायचा, मग बी उचलायची, पायात गमबूट. वेळ लागतो थोडा, मालक कुरकुरतो, कुरकुरू दे. आणि फुरशाचा आवाज ओळखायला शिका. ते गोल वेटोळं करून अंग अंगावर घासतं, करवतीने लाकूड कापल्यासारखी खरखर येते. डोक्यावर बाणासारखी, पक्ष्याच्या पावलासारखी पांढरट खूण असते.


तालुका_डॉक्टर | २ मार्च, रात्री ९:४५

काजूवाली ताईंनी दोरीचं सांगितलं ते फार महत्त्वाचं, त्यात भर घालतो. मी ग्रामीण भागात बारा वर्षं काम करतोय.

पेशंटबरोबर साप मारून आणू नका, पकडून तर मुळीच आणू नका. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्रच काम करते, ती घोड्यांच्या मदतीने बनते हे बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यामुळे साप कोणता हे कळलं नाही म्हणून उपचार अडत नाही, आम्ही लक्षणं बघतो. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतो. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. मण्यारीत रक्त नीट गोठतं, सूज नसते, खूण दिसतही नाही. तिथे बघायच्या पापण्या. पापण्या जड होणं, एकाची दोन दिसणं, जीभ जड होणं, थुंकी गिळता न येणं, आणि पहाटे अचानक पोटात दुखणं.

बांधू नका, चिरू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. हातातलं कडं, अंगठी, पैंजण काढा. चावलेला हात पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, चालवू नका, १०८ ला फोन करा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली बहुतेक खेड्यातली, आणि कितीतरी जण दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.


नानाची_वाडी | २ मार्च, रात्री ११:२०

डॉक्टरांनी पोटदुखीचं लिहिलं म्हणून मी लिहितोय, इतकी वर्षं कुठे बोललो नव्हतो. आमचे मामा. चैत्रातली गोष्ट, आदल्या दिवशी गावात लग्न होतं, रात्री उकडतंय म्हणून खळ्यात चटई टाकून झोपले. पहाटे चारला पोटात कळ आली म्हणून उठले. सगळ्यांना वाटलं लग्नातलं जेवण बाधलं, मामीने ओवा दिला, सोडा दिला. सहाच्या सुमाराला डोळे मिटायला लागले, आम्ही म्हटलं झोप येतेय, झोपू दे. मी त्यांच्या अंगावर चादर घातली. साडेसातला बोलता येईना तेव्हा जीप काढली. वाटेतच श्वास थांबला. नंतर चटई झटकली तेव्हा तिच्याखालून मण्यार निघाली. चावल्याची खूण शोधूनही सापडत नव्हती, कानामागे दोन बारीक टिपके, डास चावल्यासारखे.

मला आजही वाटतं, पापण्या बघायच्या हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. शमिकाताई, सासूबाईंना कॉटवरून खाली येऊ देऊ नका.


शमिका_देवरूख | ३ मार्च, सकाळी ६:५०

नाना, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. गप्प बसल्या बराच वेळ. त्यांच्या माहेरीही असंच एक झालं होतं म्हणाल्या, तेव्हा करणी केली म्हणून दोन घरांत भांडण लागलं होतं.


वर्धेकर | ३ मार्च, सकाळी ११:३०

आमच्या विदर्भात घोणसीला परड म्हणतात, तिच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. जाडजूड, तिकोनी डोकं, अंगावर साखळीसारख्या काळ्या कडांच्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा. कुकरची शिट्टी सुटल्यासारखा फुत्कार घालते, तो एकदा ऐकला की विसरत नाही. लोक अजगराचं पिल्लू समजून उचलायला जातात, हे फार घातक आहे. दुसरी गफलत डुरक्या घोणसीची. ती बिनविषारी, पण ठिपके वेडेवाकडे, एकात एक मिसळलेले, आणि शेपूट आखूड, बोथट. डुरक्या समजून परडीला हात घातलेला माणूस मी बघितलाय, त्याची दोन बोटं गेली.

परड अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, उन्हाळा सरता सरता. पिल्लूही पूर्ण विषारी असतं. आमच्याकडे मोहफुलं वेचायला लोक अंधारात जातात, तिथे टॉर्च नेणं आता कुठे सुरू झालंय.


शमिका_देवरूख | ५ मार्च, दुपारी १:१५

मंडळी, अपडेट. आज न्हाणीमागचा लाकूडफाटा हलवायला गडी लावला होता, आणि दोन काती मिळाल्या! एक न्हाणीच्या वाशाला लोंबकळत होती, दुसरी पडवीच्या बाजूला, सरपणाच्या तळाशी. गड्याला चिमट्याने उचलायला लावल्या, पेपरवर ठेवून जवळून फोटो काढलेत, चार टाकतेय. पहिली पावणेदोन फूट भरली. दुसरी चार फुटांना थोडी कमी, पण मधे फाटलीय.


कातळवाट | ५ मार्च, दुपारी १:४०

शमिकाताई, फोटो फार छान काढलेत, असे फोटो सर्पमित्रसुद्धा काढत नाहीत. तुम्ही आता काय करा, दुसऱ्या कातीचा पाठीचा मधला भाग उजेडासमोर धरून एक फोटो द्या, आणि दोन्हींच्या शेपटीची खालची बाजू. मला एक शंका आलीय, खात्री झाल्याशिवाय लिहीत नाही.


शमिका_देवरूख | ५ मार्च, दुपारी २:२५

टाकलेत. दुसऱ्या कातीत मधोमध एक रांग वेगळी दिसतेय, सहा कोनांची, बाजूच्या खवल्यांच्या दुप्पट. पहिलीत सगळे खवले सारखेच आहेत. दादा, म्हणजे...?


कातळवाट | ५ मार्च, दुपारी २:५०

हो. दुसरी कात मण्यारीची आहे. शेपटीखाली बघा, खवल्यांची एकच सलग रांग, आडव्या पट्ट्या एकाखाली एक. पहिलीत शेपटीखालचे खवले दुभंगलेले, दोन रांगा, मधे वेणीसारखी नागमोडी रेघ. बाकीची ठेवणही जुळते, ती कवड्याची. कात निघताना ताणली जाते म्हणून ती सापापेक्षा लांब भरते. म्हणजे पावणेदोन फुटी कातीचा मालक दीड फुटाच्या आसपास, तुम्ही चौकटीवर बघितलात बहुधा तोच.

म्हणजे फोटोतला कवड्या हे बाणकोटकरांचं बरोबर, आणि घरात मण्यार आहे हे सासूबाईंचंही बरोबर. मण्यार दुसरे साप खाते, कवड्याही खाते. जिथे कवड्या आहे तिथे ती येणं नवलाचं नाही.

सरपणाला आता कुणी हात लावू नका. मी उद्या सकाळी येतो, निरोपात पत्ता पाठवा. माझ्याआधी काही दिसलं तर वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.


बाणकोटकर | ५ मार्च, दुपारी ३:०५

शमिकाताई, त्या रात्री मी निवांत झोपा लिहिलं होतं. मनापासून माफी मागतो. यापुढे मी फोटोवर नुसतं नाव लिहिणार नाही.


शमिका_देवरूख | ६ मार्च, रात्री ९:२०

कातळवाट दादा सकाळी साडेआठला आले. सगळं सरपण एकेक करून उतरवलं, तीन तास लागले. मण्यार तळाच्या ओंडक्याखाली होती, दिवसा अगदी मलूल, डोकं वेटोळ्यात लपवून बसलेली. दादांनी हुकने उचलून बरणीत घेतली. उन्हात तिचा रंग बघितला, काळ्यावर निळी झाक, आणि पाठीवरची ती रांग बरणीच्या काचेतून मला स्वतःला दिसली. लेक विचारत होती, हिला आई आहे का. वनखात्याच्या गार्डना कळवून दादा सोडायला घेऊन गेले. कवड्या सापडला नाही, असेल कौलांत, राहू दे त्याला.

सरपण आता घरापासून लांब, मांगराच्या मागे, खाली चिरे लावून उचलून रचलंय. पडवीतली भाताची कणगी आत घेतली, तिच्याखाली उंदरांची बिळंच बिळं होती, ती बुजवली. मोरीला जाळी बसवली. गवंडी सोमवारी येतोय फटी भरायला, दादांनी सांगितलंय भरण्याआधी प्रत्येक फट टॉर्चने बघून घ्यायची, आत कुणी असेल तर बंद व्हायला नको.

जाताना दादांनी सासूबाईंच्या पाया पडून विचारलं, आजी आता खाली झोपणार का? काही बोलल्या नाहीत. आत्ता बघितलं तर कॉटवर बसून मच्छरदाणी स्वतःच गादीखाली खोचतायत, चारी बाजूंनी, आणि लेकीला शेजारी घेतलंय.